खोगिराआधी मोरखी

घोडेस्वारी शिकवण्याची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. शिकणारा येतो तेव्हा घोड्याला खरारा झालेला असतो, खोगीर चढवून तंग आवळलेला असतो आणि मोतद्दार लगाम धरून उभा असतो. शिकणाऱ्यानं रिकिबीत पाय घालायचा आणि वर बसायचं. तास संपला की उतरायचं, लगाम मोतद्दाराच्या हाती द्यायचा आणि निघायचं. अशानं माणूस वर्ष-दोन वर्षं स्वारी करतो, दुडकी शिकतो, भरधाव जातो, लहानसहान अडथळ्यांवरून उड्याही मारतो. पण त्याच घोड्याला मोरखी (लगामाऐवजी डोक्यात अडकवायची, हाताळण्याची दोरी) घालून तबेल्यातून बाहेर आण म्हटलं, तर त्या माणसाची गाळण उडते. घोडा त्याला फरफटत नेतो, नाहीतर दारातच अडून बसतो.

हा क्रम उलटा आहे आणि तो बदलायला हवा, असं माझं ठाम मत आहे. ज्याला घोडा जमिनीवरून हाताळता येत नाही, त्याला घोड्याच्या पाठीवर बसू देऊ नये. आणि ज्या घोड्याला जमिनीवर माणसाबरोबर कसं वागायचं हे कुणी शिकवलेलंच नाही, तो घोडा विकू नये, भाड्यानं देऊ नये, गर्दीत नेऊ नये. यातली दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे आणि ती घोड्यावर नाही, त्याच्या मालकावर आहे.

जमिनीवरचं वागणं म्हणजे काही मोठी विद्या नाही. मोरखी घालू देणं. दोरी सैल असताना माणसाच्या बरोबरीनं चालणं, माणूस थांबला की थांबणं. अंगावर न येणं, पायावर पाय न देणं. एका जागी उभं राहणं. चारही पाय एकेक करून उचलू देणं. तोंडाला, कानांना, पोटाखाली हात लावू देणं. वाहनात चढणं आणि तितक्याच शांतपणे उतरणं. यातल्या कशालाच टाळ्या मिळत नाहीत, कुठे पदक नसतं. पण घोड्याचं आयुष्य जातं ते यातच. रोज स्वारी होणारा घोडासुद्धा दिवसातले तास-दोन तास स्वार पाठीवर घेतो; उरलेला सगळा वेळ माणूस जमिनीवरूनच त्याच्याशी वागत असतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येतो, वर्षातून एकदा तरी दात बघायला डॉक्टर येतो, लस टोचायची असते, जखम धुवायची असते. आग लागली किंवा पूर आला तर मिनिटांत वाहनात चढवावं लागतं, आणि जो चढत नाही तो मागे राहतो.

आधी माणसाच्या जिवाचं बोलू, कारण निदान तेवढं तरी ऐकलं जातं. मध्यम बांध्याच्या घोड्याचं वजन पाचशे किलोच्या आसपास असतं. ब्रिटनमध्ये घोड्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांची एक मोठी पाहणी झाली होती. तीस वर्षांच्या कारकिर्दीत अशा एका डॉक्टरला सरासरी सात ते आठ वेळा कामावर इजा होते, असा हिशोब त्यातून निघाला. इजेचं सगळ्यात मोठं कारण होतं मागच्या पायाची लाथ. ही माणसं पाठीवर बसत नाहीत; जमिनीवर उभी राहूनच काम करतात, आणि शिकलेली, सरावलेली असतात. त्यांची ही गत, तर ज्याला घोड्याच्या मागून कसं जावं हेही कुणी सांगितलेलं नाही अशा दहा वर्षांच्या मुलाचं काय? त्याच्या डोक्यावर आपण शिरस्त्राण घालतो ते वर बसताना. खाली, जिथे लाथ थेट छातीवर किंवा तोंडावर बसू शकते, तिथे त्याला नुसतं ‘सांभाळून हं’ म्हणून मोकळे होतो.

आणि ‘सांभाळून’ म्हणजे काय, हे घोडा जग कसं पाहतो ते ठाऊक असल्याशिवाय कळणार नाही. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे जवळजवळ साडेतीनशे अंशांचा परिसर त्याला एकाच वेळी दिसतो. दिसत नाही ती थेट शेपटीमागची जागा आणि अगदी समोरची, कपाळासमोरची व नाकाखालची. नवखा माणूस नेमका तिथूनच हात पुढे करतो, थेट कपाळावर थोपटायला. घोड्याच्या बाजूनं पाहिलं तर एक हात येता येता नाहीसा झाला आणि अचानक अंगाला लागला. मग तो डोकं झटक्यानं वर उचलतो आणि माणूस म्हणतो, घोडा उर्मट आहे. खांद्याच्या बाजूनं, त्याला दिसत राहील असं, बोलत जवळ जावं आणि मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे खाजवावं. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. त्या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे मोजून पाहिलेलं आहे. आपण मात्र मानेवर थाडथाड थापा मारतो आणि त्याला शाबासकी समजतो.

हा सगळा तपशील मी देतोय तो एवढ्यासाठी, की घोड्याच्या वागण्याविषयी आपण जी भाषा वापरतो ती बहुतेक वेळा वस्तुस्थितीला धरून नसते. घोडा माजलाय. मुद्दाम करतो. माणूस ओळखतो आणि तसं वागतो. याला एकदा दाखवायला हवं मालक कोण ते. तबेल्यांमधून हे सर्रास ऐकू येतं, आणि यामागे एक जुनं गृहीतक आहे: कळपात एक म्होरक्या असतो, बाकीचे त्याला दबून असतात, तर माणसानं म्होरक्याची जागा घेतली की घोडा आपोआप आदर करू लागेल. ऐकायला पटणारं आहे, पण टिकत नाही. घोड्यांमध्ये वरचढपणा दिसतो तो मुख्यतः चारा-पाण्यावरून, आणि तेही एका घोड्याचं दुसऱ्या घोड्याशी. दोन पायांवर चालणाऱ्या, कळपात न राहणाऱ्या, भलत्याच वासाच्या प्राण्याला घोडा आपल्या उतरंडीत बसवतो, याला आधार नाही. घोड्यांच्या प्रशिक्षणाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनंही ही म्होरकेपणाची भाषा प्रशिक्षणात वापरू नये, असाच सल्ला दिलेला आहे.

गोल कुंपणात घोडा मोकळा सोडायचा, तो दमून माणसाकडे वळेपर्यंत त्याला पळवायचं, आणि वळला की पाठ फिरवून उभं राहायचं, असा एक प्रकार जगभर लोकप्रिय आहे. घोडा शेवटी माणसाच्या मागे मागे चालू लागतो. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण त्यांना वाटतं घोड्यानं या माणसाला आपला पुढारी मानलं. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच प्रयोग माणसाऐवजी रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारीनं करून पाहिला. घोडा लांब जाऊ लागला की मोटार पाठलाग करायची, तो तिच्याकडे वळला की थांबायची. थोड्या वेळात घोडे त्या मोटारीमागून चालू लागले. मोटारीला पुढारी मानलं असं तर कुणी म्हणणार नाही. जवळ गेलं की पाठलाग थांबतो, एवढं त्यांना समजलं होतं.

माझ्या मते घोडा हाताळू पाहणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट आधी ऐकावी. कारण घोडा शिकतो कसा, याचं उत्तर त्यात आहे. घोडा शिकतो तो दाब सुटण्यातून. दोरीचा ताण, अंगावर टेकलेला हात, समोर ठाकलेला माणूस, हे सगळे दाब आहेत. ज्या क्षणी दाब नाहीसा होतो, त्या क्षणी घोडा जे करत असेल ते त्याच्या डोक्यात ‘बरोबर’ म्हणून नोंदलं जातं. दाब देणारा किती तापट आहे, किती प्रेमळ आहे, त्याचा हेतू काय आहे, याचा त्या नोंदीशी संबंध नाही. सगळं कसब सोडण्याच्या वेळेत आहे.

पाय उचलण्याचंच पाहा. पुढच्या डाव्या पायासाठी घोड्याच्या डाव्या खांद्याशी, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं. हात खांद्यावर ठेवायचा आणि कातडीवरून न उचलता खाली न्यायचा: कोपर, गुडघा, मग त्याखालची सरळ नळी. माशी बसली तरी घोड्याची कातडी तेवढ्याच जागी थरथरते, इतकी ती तल्लख असते. तेव्हा हात गुदगुल्या केल्यासारखा फिरवायचा नाही, ठामपणे टेकवायचा. नळीच्या मागे दोरीसारखा घट्ट कंडरा लागतो, तो बोटांनी हलकेच दाबायचा आणि थांबायचं. घोडा आधी काहीच करत नाही. मग अंग किंचित उजवीकडे कलतं, त्या पायावरचा भार कमी होतो. पाय अजून जमिनीवरच आहे, पण बोटं लगेच सोडायची. नवख्याला वाटतं, अजून तर काही झालंच नाही. पण घोड्याच्या दृष्टीनं मोठी गोष्ट झालेली असते: दाबाला उत्तर आहे आणि ते उत्तर आपल्याला सापडतं, हे त्याला कळलेलं असतं. पुढच्या खेपेला खूर तसूभर सुटला की सोडायचं. मग क्षणभर तळहातावर तोलायचा आणि त्यानं ओढून घेण्याआधी आपणच खाली ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा.

चुकतं ते इथेच. घोडा पाय झटकतो, माणूस दचकून सोडून देतो. धडा पूर्ण झाला: झटकलं की सुटका. दुसऱ्या दिवशी घोडा जरा आधी झटकतो, तिसऱ्या दिवशी आणखी जोरात, कारण शिकलेली गोष्ट तो मन लावून करतोय. आठवड्यानं नालबंद येतो, पाय हातात घेतो, घोडा झटकतो आणि त्याच्या बरगड्यांवर कानशीचा दांडा बसतो. ज्यानं झटकायला शिकवलं तो दोरी धरून शेजारीच उभा असतो आणि म्हणतो, हा असाच आहे पहिल्यापासून.

या अन्यायाचा मला मनापासून राग येतो. खोडकर, उद्धट, अविश्वासू म्हणून नाव पडलेले कितीतरी घोडे प्रत्यक्षात अत्यंत आज्ञाधारक असतात. त्यांना जे शिकवलं गेलं तेच ते करतात, फक्त शिकवणाऱ्याला आपण काय शिकवतोय हे कळत नव्हतं. असा घोडा मग एका हातातून दुसऱ्या हातात जातो, प्रत्येक वेळी किंमत उतरते, प्रत्येक वेळी हाताळणारा हात जास्त कडक असतो. शेवट कुठे होतो, हे घोड्यांच्या व्यवहारात असलेल्या सगळ्यांना माहीत आहे. मी जमिनीवरच्या शिक्षणाला घोड्याचा हक्क म्हणतो तो यासाठी. ज्याला नीट उभं राहता येतं, पाय देता येतो, वाहनात चढता येतं, त्या घोड्याला म्हातारपणीही कुणीतरी ठेवून घेतं.

घोडा माणसाकडून किती बारीक गोष्टी टिपतो, याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण शंभरहून अधिक वर्षं जुनं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवायचा. त्याचा मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन प्रश्न विचारी आणि हान्स खुरानं टापा टाकून उत्तर देई. लबाडी कुठेच सापडेना. 1907मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं उलगडा केला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही ते येत नसे. टापांची संख्या बरोबर उत्तराशी पोचली की विचारणाऱ्याच्या डोक्याची, अंगाची अगदी सूक्ष्म हालचाल होई, आणि हान्स ती पाहून थांबे. त्या माणसाला स्वतःलाही आपण हललो हे कळत नसे. लोकांनी यावरून निष्कर्ष काढला की घोड्याला गणित येत नाही. मला यातून दुसरंच काही दिसतं. आपल्या नकळत आपलं अंग जे बोलतं, तेही घोडा ऐकत असतो. त्याच्याजवळ श्वास रोखून, खांदे ताठ करून, दोरी मुठीत आवळून उभं राहायचं आणि वर तोंडानं ‘हो, हो, शांत राहा’ म्हणायचं, याचा काय उपयोग?

आणि तो विसरत नाही. ससेक्स विद्यापीठातल्या अभ्यासात घोड्यांना एका माणसाचा छायाचित्रातला चेहरा दाखवला, काहींना रागावलेला, काहींना हसरा. काही तासांनी तोच माणूस निर्विकार चेहऱ्यानं समोर आला. कुणाला कोणतं छायाचित्र दाखवलंय हे त्या माणसाला माहीत नव्हतं, तरीही रागीट चेहरा पाहिलेले घोडे त्याच्याकडे जास्त संशयानं बघत होते. एका छायाचित्राचा हा परिणाम, तर रोजच्या चाबकाचा किती?

मारण्याच्या विरोधात बोललं की लगेच दुसऱ्या टोकाची माणसं खूश होतात. ‘आम्ही तर घोड्याला कधीच ओरडत नाही, तो आमचं बाळ आहे.’ त्यांच्याशीही माझं भांडण आहे, आणि तेही तितकंच खरं आहे. घोड्यानं खिशाशी तोंड घासलं की गाजर द्यायचं, ढुशी मारली की कौतुकानं हसायचं, चालताना अंगावर रेलला की आपणच बाजूला व्हायचं. शिंगरू सहा महिन्यांचं असताना पुढचे पाय खांद्यावर टाकतं, तेव्हा त्याचे फोटो काढायचे. तीन वर्षांनी तेच जनावर साडेचारशे किलोंचं होऊन तेच करतं, तेव्हा घाबरून त्याला विकायचं. यात प्रेम असेलही, पण जबाबदारी नाही. घोड्याला मर्यादा घालून न देणं हेही त्याला फसवणंच आहे, कारण आज चालणारी गोष्ट उद्या अचानक गुन्हा ठरते आणि तो नियम त्याला कुणी सांगितलेलाच नसतो.

मर्यादा घालायला मारावं लागत नाही. घोड्याचा खांदा आपल्या अंगाशी येऊ लागला की थांबायचं, त्याच्याकडे वळायचं, छातीवर बोटांनी दाब देऊन एक पाऊल मागे घ्यायला सांगायचं, पाऊल उचललं की लगेच सोडायचं आणि पुन्हा चालू लागायचं. रागावायचं नाही, पण एकदाही सोडून द्यायचं नाही. दहापैकी नऊ वेळा मागे सारलं आणि दहाव्यांदा मोबाइलवर बोलताना येऊ दिलं, तर घोडा ती दहावी वेळच लक्षात ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. खाऊ द्यायला माझा विरोध नाही. तोंड सरळ समोर, माणसापासून दूर असताना दिलेला खाऊ उत्तम बक्षीस आहे. खिसे धुंडाळताना दिलेला खाऊ मात्र चावायला शिकवतो. एका घरात चार माणसांचे चार नियम असतील तर घोड्यानं कुठला पाळायचा? म्हणून तबेल्यात मालक, मोतद्दार आणि शिकणारे या सगळ्यांची खूण एकच असली पाहिजे. हे लिहायला सोपं आणि पाळायला फार कठीण आहे, कारण त्यात मालकाला मोतद्दाराचं ऐकावं लागतं.

शांत घोडा म्हणजे शिकलेला घोडा, असंही समजू नये. काही घोडे उभे राहतात कारण त्यांना काय करायचं ते ठाऊक असतं. काही उभे राहतात कारण काहीही केलं तरी फरक पडत नाही, हे त्यांना पटलेलं असतं. पहिल्याचे कान हलत असतात, एक तुमच्याकडे, एक आवाजाकडे. तो मान खाली सोडतो, मधूनच ओठ चाटतो, तुम्ही हललात की त्याची नजर हलते. दुसऱ्याचे डोळे उघडे असतात पण ते कुठेच पाहत नसतात. जिथे दिवसभर नवनवे लोक येऊन पाठीवर बसतात तिथे हे दुसऱ्या प्रकारचे घोडे फार दिसतात आणि त्यांना ‘गरीब’ म्हणून वाखाणलं जातं. सुरुवातीला सांगितलेल्या माझ्या अटीत अशा घोड्याला उत्तीर्ण धरू नये, उलट त्याच्या मालकाला थांबवून विचारावं.

दुखण्याचा मुद्दा तर शिस्तीच्याही आधी यायला हवा. तंग आवळताना चावायला वळणारा घोडा उद्धट आहे असं ठरवण्याआधी त्याच्या पोटात व्रण आहेत का, खोगीर पाठीला टोचतंय का, हे पाहावं. पाय न देणाऱ्या म्हाताऱ्या घोड्याचा दुसऱ्या बाजूचा सांधा दुखत असू शकतो. एक पाय वर घेतला की सगळा भार तिकडे जातो. वेदना घोड्याच्या चेहऱ्यावर दिसते: कान ताठ होऊन मागे जातात, डोळ्याच्या वरचा भाग आक्रसतो, जबडा आवळतो, नाकपुड्या ताणल्या जातात. 2014पासून तर या खुणांना गुण देऊन वेदना मोजायची पद्धतच तयार आहे. ती शिकायला पदवी लागत नाही.

या सगळ्यावर कुणी म्हणेल, ही खासगी बाब आहे, ज्याचा घोडा त्यानं बघावं. पण 6 ऑगस्ट 2021 रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये जे झालं ते साऱ्या जगानं पाहिलं. आधुनिक पंचकस्पर्धेत (मॉडर्न पेंटॅथलॉन), म्हणजे घोडेस्वारी धरून पाच खेळांच्या स्पर्धेत, खेळाडूला चिठ्ठी टाकून अनोळखी घोडा मिळत असे आणि त्याच्याशी ओळख करून घ्यायला मिळत फक्त वीस मिनिटं. सेंट बॉय नावाचा घोडा त्या दिवशी आधीच्या स्वाराबरोबरही वारंवार अडला होता. तो जर्मन खेळाडूच्या वाट्याला आला. ती तोपर्यंत आघाडीवर होती. घोडा पुढे जाईना. ती रडत होती, चाबूक चालवत होती, आणि कुंपणाबाहेरून तिची प्रशिक्षक ‘मार, मार’ म्हणून ओरडत होती. त्या प्रशिक्षकानं घोड्याला ठोसाही मारला आणि त्याबद्दल प्रशिक्षकाला पुढच्या स्पर्धेतून बाहेर काढण्यात आलं. पुढे 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच वगळण्यात आली.

लोकांनी त्या खेळाडूला आणि प्रशिक्षकाला शिव्या घातल्या. मला वाटतं, दोष नियमाचा होता. वीस मिनिटांत घोड्यावर बसून पाच-सहा उड्या मारून घेणं म्हणजे ओळख, असं मानणारा तो नियम होता. घाबरलेल्या जनावराजवळ उभं राहायचं, त्याचा श्वास खाली येऊ द्यायचा, दोन पावलं पुढे, दोन मागे करून घ्यायची, हे त्या वेळापत्रकात कुठेच बसत नव्हतं. चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफोन या ग्रीक सेनानीनं लिहून ठेवलं आहे की घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारू नये. मारलं की वेदना त्या वस्तूमुळेच झाली असं त्याला वाटतं आणि भीती दुप्पट होते. लढाईतल्या घोड्यांबद्दल लिहिणारा, जिवावरचं काम करणारा माणूस होता तो. ‘हे लाड आजचे आहेत, पूर्वीचे लोक घोडा असाच तयार करायचे’ असं म्हणत चाबूक उगारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तर मागणी काय? प्रत्येक स्वारीशाळेत पहिले काही तास खोगिराशिवाय व्हावेत. मोरखी घालणं, खरारा करणं, दोरी हाताला न गुंडाळता धरणं, चालवणं, थांबवणं, पाय उचलणं हे जमलं की मगच रिकीब. पालक कुरकुर करतील, कारण त्यांनी पैसे मुलाला घोड्यावर बसलेलं बघायला दिलेले असतात. शाळेनं त्यांना स्पष्ट सांगावं. विक्रीच्या वेळी घोडा फक्त पळवून दाखवण्याची रीत सोडून, विकणाऱ्यानं त्याला वाहनात चढवून, चारही पाय उचलून दाखवावं, आणि घेणाऱ्यानं ते स्वतःच्या हातानं करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये घोड्याला हातात दोरी धरून दुडकी चालवून डॉक्टरांपुढे नेण्याची तपासणी असतेच. तिथे तो लंगडतो का एवढंच पाहतात. त्याच वेळी तो कसा हाताळला जातोय याचेही गुण द्यावेत. खर्च शून्य, आणि मोठ्या खेळाडूंच्या तबेल्यांत एका हंगामात फरक पडेल.

वेळ नाही, ही तक्रार मला मान्य नाही. घोडा रोज तबेल्यातून बाहेर काढलाच जातो, रोज त्याला खरारा होतोच. त्या प्रत्येक वेळी तो काहीतरी शिकतच असतो. प्रश्न फक्त आपण ते ठरवून शिकवतो की नाही हा आहे. शिंगरांच्या बाबतीत तर फ्रान्समधल्या रेन इथल्या संशोधकांना असं दिसलं की जन्मानंतर पहिले पाच दिवस, दिवसाला फक्त पंधरा मिनिटं, शिंगराला हातही न लावता त्याच्या आईला त्याच्यासमोर प्रेमानं खरारा केला, तर ते शिंगरू पुढे कित्येक महिन्यांनीही माणसाच्या जवळ निर्धास्त येतं. पाच दिवस, पंधरा मिनिटं. ज्याच्याकडे घोडी विण्याइतकी जागा आणि चारा आहे, त्याच्याकडे एवढा वेळ नक्कीच असतो.

शेवटची मागणी नालबंदासाठी, कारण दुसऱ्यांनी न शिकवलेल्या घोड्यांचं ओझं सगळ्यात जास्त त्याच्या पाठीवर पडतं, अक्षरशः. वाकलेल्या अवस्थेत, मांड्यांमध्ये खूर धरून, तोंडात खिळे घेऊन तो काम करतो, आणि घोड्यानं पाय ओढला तर अर्धा ठोकलेला खिळा त्याच्या मांडीतून जातो. घोड्याला पाय द्यायला शिकवणं त्याचं काम नाही. त्याला त्याचे पैसेही मिळत नाहीत. म्हणून पाय न देणाऱ्या घोड्याला ‘आधी शिकवा, मग बोलवा’ म्हणून सामान गोळा करून निघून जाण्याचा त्याला पूर्ण हक्क असावा, आणि त्या दिवसाची मजुरी मालकानं त्याला तरीही द्यावी.